त्रैक्य मानायचे ते कोणाच्या सांगण्यावरून?

जोयडा तालुक्यात देवांची आणि भाषांची वाण नाही. उळवीला लिंगायत शरण चन्नबसवण्णांची समाधी आहे. गोव्याच्या हद्दीला लागून कोकणी बोलणाऱ्या कॅथलिकांची घरे आहेत, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजात तर हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म एकाच जमातीत नांदतात. अशा मुलखात शेजाऱ्याच्या धर्माची नीट माहिती असायला हवी होती. असते ती ऐकीव. कोणी खेळीमेळीने म्हणतो, तुमचा बाप, पूत आणि पवित्र आत्मा म्हणजे आमचे ब्रह्मा-विष्णू-महेशच की! कोणी कपाळाला आठ्या घालून म्हणतो, देव एक म्हणता आणि तीन कसे मोजता?

पहिल्यांदा हे साफ करायला हवे की ख्रिस्ती मनुष्य तीन देव मानत नाही. परमेश्वर एकच, त्याचे तत्त्व एकच, पण त्या एकात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती; पिता म्हणजे पुत्र नव्हे, तरी दोघेही पूर्णपणे देवच, असे हे त्रैक्याचे मत आहे. पटो न पटो, टिंगल करण्याआधी ते काय आहे एवढे तरी कळलेले असावे. आणि हे मत ख्रिस्ती लोकांनीही सहजासहजी स्वीकारले नाही. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाद्री म्हणे की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकाया येथे धर्माध्यक्षांची परिषद बोलावली आणि एरियसचे मत पाखंड ठरले. पण वाद मिटला नाही. पुढे ३८० साली सम्राट थिओडोसियसने त्रैक्य मानणे हा राज्याचा कायदा केला, आणि तिथून या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. मतभेद होता तोवर युक्तिवाद चालले. कायदा झाल्यावर ते मत न मानणे हाच गुन्हा झाला. १५५३ साली जिनिव्हात त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला जिवंत जाळले, तेही पोपच्या सत्तेविरुद्ध बंड करून उठलेल्या सुधारकांच्या गावात. १६९७ साली एडिंबरोत टॉमस एकनहेड नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याला फाशी दिले. त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्याची निंदा हाही एक होता. त्रैक्य नाकारणे हा इंग्लंडच्या कायद्यात १८१३ पर्यंत गुन्हा होता.

हे सगळे परक्या मुलखातले म्हणून सोडून देता येत नाही. हाच वाद एका मराठी बाईने इंग्लंडात जाऊन, एकटीने घातला. पंडिता रमाबाई. सह्याद्रीच्या याच रांगेत, दक्षिणेला गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकत असतानाच संस्कृतही शिकवले. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप मत देऊ लागले. हिंदुस्थानात परत गेल्यावर त्यांच्या लौकिकाला बाधा येईल, अशी या मंडळींना काळजी! पुण्याचे शास्त्री याहून वेगळे काय बोलले असते?

खरी ठिणगी पडली ती सिद्धांतावरून. १८८५ साली मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथी बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, अथनेशियन मतांगीकार या सगळ्यांवर त्यांनी प्रश्न विचारले. त्या मतांगीकारात त्रैक्य न मानणाऱ्याचा सर्वनाश होईल असे स्पष्ट बजावले आहे. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण पाद्र्याच्या वा बिशपच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द मानायला बांधलेली नाही. ब्राह्मण पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते पुन्हा तसलेच दुसरे जू मानेवर घेण्यासाठी नाही. बायबल मी स्वतः वाचीन आणि माझ्या सदसद्विवेकाला विचारीन. सिस्टर जेराल्डिन यांना यात दिसला तो अहंकार. रमाबाई अंडी घातलेले पदार्थ खात नसत, तर त्यातही जातीचा गर्व दिसला! ज्यांच्या लेखनाने रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्या काशीच्या नेहेमिया गोऱ्हे शास्त्र्यांनीही त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. तिकडे पुण्यात धर्म सोडला म्हणून त्यांच्यावर आग पाखडली जात होती. त्याच १८८५ साली जोतिराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, हा त्यातला एक अपवाद. ज्यांना सोडून आली त्यांनी ती गेली म्हणून रागवावे आणि जिथे गेली त्यांनी ती विचारते म्हणून रागवावे, असा तो प्रसंग होता.

मनोरमेची गोष्टही सांगायला हवी. लेक जेमतेम चार वर्षांची. जे मत आईलाच पटलेले नाही ते मठात मुलीच्या गळी उतरवले जाऊ नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. सिस्टरना वाटे की यात मुलीच्या आत्म्याचे नुकसान आहे. म्हणजे शेवटी आईचाच हुकूम चालला, असे कोणी म्हणेल. म्हणो. पण न कळणारी गोष्ट खरी म्हणून पाठ करायला लावणे आणि कळेपर्यंत थांबणे, यातले दुसरे मला कमी जुलमी वाटते.

प्रश्न विचारल्याने श्रद्धा बुडते, ही भीती रमाबाईंच्या बाबतीत तरी खोटी ठरली. १८८९ साली त्यांनी शारदासदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले. १८९१ च्या सुमारास त्यांची ख्रिस्तनिष्ठा पूर्वीपेक्षा गाढ झाली आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम केले. ही निष्ठा कोणी पत्रातून बजावून आणलेली नव्हती. त्रैक्य नाकारणाऱ्यांचाही एक धडा आहे. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. त्रैक्य न मानणाऱ्यांनी नावारूपाला आणलेले हे विद्यालय मतांगीकाराची अट घालत नसे. शिंदे ख्रिस्ती झाले नाहीत आणि कोणी त्यांना तसे व्हायला लावलेही नाही. परत येऊन त्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. देव एक की तीन व्यक्तींत एक, या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंचे आणि शिंद्यांचे सारखे असण्याची गरज पडली नाही.

त्रैक्य खोटे आहे असे म्हणायला मी हा लेख लिहीत नाही. तो अधिकार माझा नाही, आणि दुसऱ्याच्या देवघरात शिरून सुधारक म्हणवून घेण्यात फारसे कर्तृत्वही नाही. आमच्या घरात काय चालते? सोवळे का, पाळीतल्या बाईला देवघर का बंद, असे विचारणाऱ्या सुनेला आम्ही उर्मटच ठरवतो. ज्या उळवीला दर माघी पौर्णिमेला बैलगाड्या जोडून माणसे येतात, तिथे चन्नबसवण्णा का आले? परंपरा सांगते की ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचे लग्न शरणांनी लावले, कल्याणात त्यावरून रक्त सांडले आणि शरणांना रान गाठावे लागले. त्या समाधीपुढे नारळ फोडून घरी आल्यावर मुलीने दुसऱ्या जातीत लग्न ठरवले तर तोंड फिरवणारे मी पाहिले आहेत. त्यांनी ख्रिस्ती शेजाऱ्याला तीन देवांचा हिशेब विचारू नये.

आणि ख्रिस्ती घरांनाही एक विनंती. रविवारी दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गाहून परत आलेले पोर विचारेल, येशू देव होता तर तो प्रार्थना कोणाची करत होता? त्याला गप्प बसवू नका. फादरांकडे न्या. फादरांनी निकायाची परिषद सांगावी, एरियस काय म्हणाला तेही सांगावे, आणि इतके सांगूनही मुलाला पटले नाही तर त्याला तसाच, न पटलेला, पुढच्या रविवारी वर्गात बसू द्यावे.