आधी सांधा, मग सिग्नल

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहणाऱ्याला रेल्वेची एक शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही: सांधा नीट बसून अडकल्याशिवाय सिग्नल पडत नाही. लिस्प भाषेतला प्रोग्राम कंपाइल करतानाही असाच क्रम लागतो. फरक एवढाच, की इथे क्रम चुकला तरी सिग्नल कधीकधी पडतो.

सी भाषेत लायब्ररीचा कोड कामाला येतो तो प्रोग्राम चालताना. कंपाइलरला तिच्या घोषणा दिसल्या की पुरतं. लिस्पमधला मॅक्रो मात्र कंपाइलरच्या आत चालणारं फंक्शन असतं. म्हणजे मॅक्रो ज्या लायब्ररीत आहे ती माझी फाइल कंपाइल होण्याआधीच लोड झालेली हवी. नसली, तर कंपाइलर मॅक्रोला साधं फंक्शन समजतो, एखादी सूचना देतो आणि पुढे जातो. फजिती होते ती प्रोग्राम चालवल्यावर. मॅक्रो बदलला आणि तो वापरणाऱ्या फाइली पुन्हा कंपाइल झाल्या नाहीत, तर त्याहून वाईट: मॅक्रोचा जुना विस्तार मुकाट्याने आत राहतो. एएसडीएफ हे साधन कोण कोणावर अवलंबून आहे ते नोंदवून हा क्रम सांभाळतं. नोंद अर्थात आपणच अचूक करायची.

आवृत्त्यांचं काय? झॅक बीन यांनी २०१० मध्ये आणलेलं क्विकलिस्प एकत्र कंपाइल होणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच एकदम प्रसिद्ध करतं, साधारण महिन्याला एक. (अलीकडे हा महिना बराच लांबलाय.) प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती वेगवेगळी निवडता येत नाही, ही त्यावरची नेहमीची तक्रार; तशी निवड ज्यांना हवीच त्यांच्यासाठी क्यूलॉट हे साधन आहे. मला ती तक्रार अर्धीच पटते. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. कॉमन लिस्पमध्ये पॅकेजची नावं साऱ्या इमेजला, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या अख्ख्या लिस्पला, सामाईक असल्याने एका वेळी एकच आवृत्ती टिकते. मग सगळ्यांनी मिळून एक तारीख मानणं हेच भाषेच्या स्वभावाला धरून आहे. सोय थोडी कमी होते, पण सगळं एकमेकांशी जुळतं की नाही हे आपल्याआधी कुणीतरी तपासलेलं असतं.

प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा झाला, तर एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपाइलर सगळी इमेज एका एक्झिक्युटेबल फाइलमध्ये ओतून देतो. त्यात लिस्पच्या सगळ्या लायब्रऱ्या येतात, पण बाहेरून जोडलेल्या सीच्या लायब्रऱ्या सहसा येत नाहीत. दुसऱ्या मशीनवर अशी लायब्ररी, उदाहरणार्थ ओपनएसएसएल, नसेल, तर आपली स्वयंपूर्ण फाइल सुरू होतानाच अडते. एएसडीएफच्या यादीत ही अट दिसत नाही, म्हणून मी ती रीडमीच्या पहिल्याच ओळीत लिहितो.