आकाशाची वाटणी

ताऱ्याचा पत्ता आकड्यांत सांगितला, तर त्यात खोटं काही नसतं. आमच्या सोलापूरचं दाते पंचांग उघडून बघा. कुठला ग्रह कुठल्या राशीत, किती अंशांवर, किती कलांवर, सगळा हिशेब पक्का. पंचाईत होते ती हे आकडे कागदावर मांडायला घेतले की.

माझ्या पुतण्याला शाळेच्या प्रदर्शनासाठी आकाशाचा नकाशा काढायचा होता. "काका, अजिबात वेडेवाकडे न होता तारे कसे मांडायचे?" घरात बी.कॉम. मी एकटाच, त्यामुळे खगोलशास्त्र आपोआप माझ्याकडे आलं. मी म्हटलं, कडक भाकरी घे आणि भोपळ्यावर गुंडाळून दाखव. भाकरी मोडली. मग चादर घेतली. ती मोडली नाही, पण सुरकुतली. (सोलापुरी असली म्हणून काय झालं!) गाऊस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली चादरीवाचून हेच सिद्ध केलं: गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होत नाही.

म्हणजे खोटं बोलावं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. कुठलं बोलायचं, एवढंच आपल्या हाती. ध्रुव मध्ये ठेवून नकाशा काढण्याच्या ज्या रीती आहेत (शास्त्रात त्यांना प्रक्षेपण म्हणतात), त्यांतल्या एकीत ध्रुवापासूनची अंतरं बरोबर राहतात. पण वृश्चिकाची नांगी पावणेतीनपट रुंद होते आणि अगस्त्याच्या आसपासचं आकाश चौपट. दुसरीत आकार राखतात. यंत्रराज ह्या जुन्या वेधयंत्रात हीच रीत असे; महेंद्रसूरीने १३७० साली त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. हिच्यात नांगी नांगीसारखीच दिसते, फक्त मधल्या ताऱ्यांच्या मानाने पाचपट मोठी. तिसरीत क्षेत्रफळ तंतोतंत. विंचू मात्र कुणाच्या तरी चपलेखाली आलेला.

ही तिसरी रीत माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी तिनेच झाली. तिघा भावांना चौरस फूट अगदी सारखे, कुणी कुणाला नाव ठेवायला जागा नाही. माझ्या वाट्याला आली ती जागा साडेसहा फूट रुंद आणि छत्तीस फूट लांब. पाहुणे एस.टी.तल्यासारखे एकामागे एक बसतात. चहा शेवटच्या पाहुण्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला निरोप घेत असतो. न्याय झाला नाही असं म्हणता येत नाही, फीतच सांगते झाला म्हणून.

पण ही हकीकत मी सांगतोय, म्हणून मध्ये मी बसलोय. थोरल्या भावाला सांगू द्या, मग ऐका! त्याच्या चौरस फुटांत जिना मोजला आहे आणि त्यावरून सगळं घर दिवसभर ये-जा करतं. नकाशाचंही असंच. रीत कुठलीही घ्या, मधल्याला धक्का नाही. सप्तर्षी तिन्ही नकाशांत ऐटीत बसलेले. ताण सगळा कडेच्यांना. अगस्त्याने कुणाचं काय केलंय? सोलापुरातून तो दक्षिणेला क्षितिजापासून वीस अंश वर येतो, चांगला ठसठशीत दिसतो. ध्रुवापासून लांब, एवढाच त्याचा गुन्हा.

शेवटी पुतण्याने आकाशाचे आठ तुकडे केले. ताऱ्यांचे मोठे नकाशासंग्रहही असेच पानापानांनी काढतात. तुकडा लहान असला की खोटंही लहान. दर पानाचा मध्य वेगळा, त्यामुळे अगस्त्यालाही एकदा मध्ये बसायला मिळालं. मात्र भिंतीवर लावताना पानांच्या कडा जुळेनात. कुठे फटी राहिल्या, आणि कडेचे काही तारे दोन-दोन पानांवर आले.

"हे दोन्हीकडे मोजायचे?" त्याने विचारलं.

"बँकेत असं चालत नाही," मी म्हणालो.

"मग आजी चार महिने तुमच्याकडे जेवते, चार आमच्याकडे, चार मोठ्या काकांकडे. तिला कुठे मोजता?"

मी डिंकाची बाटली शोधायला उठलो.