त्याचं बोट तुमच्या हिशेबात कुठे आहे?

वही मिटू नका. उघडीच राहू द्या. लग्नाचा सगळा हिशेब तुम्ही मला अभिमानानं दाखवलात. फेटे, फटाके, मांडव, घोडा, पैसा न् पैसा मांडलेला. आणि शेवटून दुसरी ओळ : ‘बँडवाला, औषधपाणी, ५००’. ती ओळ मोठ्यानं वाचा. आठवीत चुकलेलं गणित मी तुम्हाला वर्गासमोर वाचायला लावायचो, तसंच वाचा.

त्या रात्री काय झालं ते मला तिघांकडून कळलंय, म्हणून सारवासारव करू नका. वरात पिंप्राळ्याच्या चौकात आली. तुम्हाला नाचायला जागा हवी होती, म्हणून क्लॅरनेटवाल्याला टेम्पोत चढून वाजवायला लावलंत. तो नको म्हणत होता. उतरताना टेम्पोचा फाळका सुटला आणि त्याच्या डाव्या हातावर आदळला. दोन बोटं आडवी कापली गेली. तुमच्यातल्या दोघांनी रुमाल बांधला, जवळच्या दवाखान्यात नेलं, टाके घालून घेतले, पाचशेची नोट हातात ठेवली आणि अर्ध्या तासात तुम्ही परत नाचायला हजर. वाजवायला बँडमास्तरनं दुसरा माणूस उभा केलाच होता.

दवाखान्यात नेलंत, हे तुम्ही मला तीनदा ऐकवलंत. नेलंत, पण डॉक्टरांना एक वाक्य सांगितलंत का, की हा माणूस क्लॅरनेट वाजवतो? नाही सांगितलंत. कारण तुम्हालाच ते महत्त्वाचं वाटलं नाही. बोट वाकवायला आत एक दोरी असते, कंडरा म्हणतात तिला. ती तुटली की तिचं टोक मागं तळहाताकडे सरकतं. वरची कातडी शिवली की जखम भरलेली दिसते. आत दोरी तुटलेलीच राहते. ती पहिल्या काही दिवसांत शिवली तर बोट परत कामाला लागण्याची आशा चांगली असते. आठवड्यांवर आठवडे गेले की टोकं आखडतात, मग कधीकधी दुसरीकडची कंडरा काढून तिथं बसवावी लागते, तीही दोन टप्प्यांत. हमाली करणाऱ्यालाही बोट लागतंच. पण क्लॅरनेटचं भोक बोटाच्या गादीनं पुरतं झाकलं गेलं नाही, केसाएवढी फट राहिली, तरी सूर फुटतो. त्याचं तिसरं बोट आता मुठीतसुद्धा वळत नाही. परवा माझ्या ओट्यावर बसून तो विचारत होता, “मना हात बरा व्हई ना, सर?” तुम्ही त्याच्या घरी एकदा तरी गेलात का?

“आम्ही काही श्रीमंत नाही, सर.” हे उत्तर मी आता ऐकणार नाही. श्रीमंतीचा इथं प्रश्नच नव्हता. रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. जळगावात २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात हिरे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याही कितीतरी आधीपासून. आणि धर्मादाय रुग्णालय ही पाटीवर लिहायची शोभा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के निधी वेगळा काढायचा असतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात अडवायचं नसतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जायचं, रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटायचं, नाही म्हणाले तर धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यायचा. तुमच्यातले दोघे पदवीधर आहेत. एकाचं तर रोज तहसील कचेरीत जाणं-येणं आहे! त्या माणसाला लिहिता-वाचता जेमतेम येतं. त्याला पाचशेची गरज नव्हती, तुमच्या दोन सकाळींची होती.

हेही ऐका, म्हणजे ‘विमा असेलच की’ असं म्हणून सुटणार नाही. वर्षाला २० रुपये भरून मिळणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चांगली आहे, प्रत्येक वाजवणाऱ्यानं ती काढावीच. पण ती एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण कायमचा गेला तर १ लाख देते. बोटाला तिथं किंमत नाही. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन दरमहा ५ हजार आहे, पण ते साधारण पन्नाशीच्या पुढच्यांना. ऐन तिशी-पस्तिशीत ज्याचं बोट जातं, तो या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात पडतो. तो खड्डा बुजवणं हे ज्यांनी त्याच्या सुरावर नाचून घेतलं त्यांचं काम आहे.

शाल-श्रीफळ द्यायचं चाललंय म्हणे तुमचं, फोटोसकट. ते आधी थांबवा. सत्कारानं कोणाचं बोट वाकत नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचं बिल देणगीदारांनी भरलं. एवढ्या मोठ्या बाईच्या वाट्याला जे आलं, ते बँडच्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या वाट्याला किती निमूटपणे येत असेल याचा विचार करा.

मग करायचं काय, ते ऐका. लंडनमध्ये १७३८ साली काही वादकांना रस्त्यात दोन पोरं दुभत्या गाढविणी हाकताना दिसली. ती त्यांच्याच ओळखीच्या, नुकत्याच वारलेल्या किच नावाच्या ओबोवादकाची मुलं होती. त्या लोकांनी दोन आणे हातावर ठेवून वाट धरली नाही. वादकांनी स्वतः नियमित वर्गणी भरायची आणि अडलेल्या वादकांना, त्यांच्या बायका-मुलांना त्यातून द्यायचं, असा निधी उभारला. हँडेलसारखा संगीतकार त्यात होता, मृत्युपत्रात त्यानं निधीला हजार पौंड ठेवले. ती संस्था आजही चालू आहे. खान्देशात बँड पार्ट्या काय थोड्या आहेत? एकेका तिथीला गावागावात सुपाऱ्या असतात. प्रत्येक सुपारीमागं बँडमालकानं शंभर आणि लग्नघरानं शंभर बाजूला टाकले, तर आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या कोरड्या महिन्यांतही एखादा जखमी माणूस उपाशी राहणार नाही. बँडमालकांनाही मी हेच तोंडावर सांगणार आहे; त्यांनी तर दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव यादीतून खोडलं.

आपल्या गावच्या रथाच्या चाकाला मोगरी, म्हणजे अडसर, कोणी लावायची हे रथ हलायच्या आधी ठरलेलं असतं. चाक उतारावर घरंगळू लागल्यावर कोणी मोगरी शोधत फिरत नाही. मग माणसाच्या हातापायाची तजवीज तुम्ही अपघातानंतर का शोधता?

आणखी एक. लागलेलं सगळंच रक्तानं दिसत नाही. अमेरिकेच्या लिऑन फ्लायशर या पियानोवादकाची उजव्या हाताची दोन बोटं १९६४ च्या सुमारास आपोआप मुडपायला लागली. बाहेरून काही दिसत नव्हतं. तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हातानं वाजवत राहिला; बोटॉक्सच्या सुयांनी उजवा हात कामाला लागला तो १९९० च्या दशकात. आपल्याकडे ढोलकीवाला ‘हात ऐकत नाही’ म्हणाला, की तुम्ही म्हणता, प्यायलाय. ताशेवाल्याला ऐकू येईनासं झालं की त्याची नक्कल करता. १०० डेसिबलचा आवाज रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त कानावर घेऊ नये असं तज्ज्ञ सांगतात, आणि तुम्ही त्यांना चार-चार तास भोंग्यासमोर चालवता. कानातल्या त्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कापसाचा बोळा पुरत नाही, कानात घालायचे प्लग औषधाच्या दुकानात मिळतात. पुढच्या वेळी सुपारी देताना ते तुम्ही आणून द्यायचे.

आता खाली बघून उभं राहण्यानं माझं समाधान होणार नाही. उद्या तहसीलमध्ये जाणाऱ्यानं त्याचा उत्पन्नाचा अर्ज भरायचा. वही सांभाळणाऱ्यानं ती ५०० ची ओळ तशीच ठेवून खाली नवं खातं उघडायचं. हात बरा होईपर्यंत घरभाडं आणि किराणा तुमच्या सगळ्यांकडून. शस्त्रक्रिया झाली तर नंतर बोटांचा व्यायाम करून घ्यायला कित्येक आठवडे जावं लागेल. तो चुकला की शिवलेलं बोट पुन्हा आखडतं. म्हणून आळीपाळीनं गाडीवर नेण्या-आणण्याचं कोण कधी करणार, ते आत्ता माझ्यासमोर लिहा. सोमवारी सकाळी नऊला मी सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशी असेन. त्याला घेऊन या, पहिल्या दवाखान्याचे कागद घेऊन या, आणि क्लॅरनेट विसरू नका. कुठलं बोट कुठल्या भोकावर बसायला हवं, ते डॉक्टरांना दाखवायचंय.