चोर सोडून संन्याशाला

माझ्याकडे एक मोटार आहे. म्हणजे कागदोपत्री ती माझी आहे, प्रत्यक्षात मी तिचा आहे. वडिलांनी ती १९६४ साली घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. जाणकार मंडळी १९३० सालापर्यंतच्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. आपलं सरकार मात्र उदार आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. हाच नियम माणसांना लावला तर पन्नाशीची अट मी केव्हाच पुरी केली आहे. मूळ रूपाच्या अटीवर मात्र आमच्या घरात मतभेद आहेत.

तर ही गाडी गेल्या वर्षी फटाके फोडू लागली. पुण्यात अगदी गुणी बाळ! पण कात्रज ओलांडून सातारा रस्त्याला लागावं, वेग साठ-सत्तरवर जावा, दहा-पंधरा किलोमीटर सुखात सरावेत, आणि बॉनेटखालून ‘फट्! फट्!’ पहिल्या आवाजाला शेजारचा स्कूटरवाला पडता पडता वाचला आणि माझ्या पूर्वजांबद्दल काहीतरी बोलून गेला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि तज्ज्ञासारखं आत पाहिलं. आत इंजिन होतं. एवढा शोध लावून दहा मिनिटांनी गाडी सुरू केली, तर परत शहाण्यासारखी चालू लागली. गॅरेजमध्ये नेली तर हूं नाही की चूं नाही. दवाखान्याची पायरी चढली की थांबणारी दाढ असते ना, त्यातला प्रकार!

आमचे मिस्त्री चाळीस वर्षांचे अनुभवी. ते म्हणाले, “साहेब, आवाज पुढून येतो की मागून, ते आधी सांगा. सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन पेटतंय. कार्बोरेटरमधून आला तर गाडी उपाशी आहे.” मला मोठी गंमत वाटली. साधारण पंधरा भार हवेला एक भार पेट्रोल, हा इंजिनचा आहार. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण रेंगाळत जळतं. पुढच्या घासासाठी झडप उघडावी, तर आतला जाळ अजून विझलेला नसतो. तो उलटा कार्बोरेटरकडे धावतो. फट्! म्हणजे पोटात कमी पडलं की तोंडाने आवाज जास्त. माणसाचंही फारसं वेगळं नाही.

“पुढून येतो,” मी म्हणालो, आणि लगेच मला गुन्हेगार सापडला. आदल्याच आठवड्यात मिस्त्रींच्या हाताखालच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोऱ्याने कार्बोरेटर खोलून जेट साफ केलं होतं. आवाज कार्बोरेटरमधून, कार्बोरेटरला हात याचा. आणखी पुरावा कशाला हवा? गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी त्याला चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, “साहेब, एकदा टाकीचं झाकण—” मी म्हणालो, “तू गप्प बस! आवाज पुढे येतोय आणि हा मागचं झाकण दाखवतोय!” सगळे हसले. मिस्त्री तेव्हा दुसऱ्या गाडीखाली होते, त्यांना फक्त माझा आवाज ऐकू आला. जुनं गिऱ्हाईक चिडलं म्हणून त्यांनी पोऱ्याला कामावरून काढलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण मला ठाऊक नव्हती असं नाही. पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात.

कार्बोरेटर पुन्हा खोललं. प्लग बदलले. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्यातली एखादी चुकत असेल, असा आमचा तर्क. ठिणग्या सुधारल्या, फटाके कायम. पोऱ्या गेला तरी आवाज गेला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

शेवटी शिरवळजवळ फटफटत एका पेट्रोलपंपावर पोचलो. तिथल्या मुलाने टाकीचं झाकण फिरवलं आणि ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली. तो म्हणाला, “काका, टाकीचा जीव गुदमरला होता.”

मी जागच्या जागी गार झालो. त्या झाकणाला एक बारीक भोक होतं. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यावी, म्हणून ठेवलेलं. “गाडीत पेट्रोलचा वास येतो हो,” अशी सौभाग्यवतींची तक्रार होती. म्हणून एका रविवारी मी स्वतः, या हातांनी, ते भोक एम-सीलने बुजवलं होतं आणि वर शाबासकीही मिळवली होती. हळू चालताना पेट्रोल कमी लागतं, तोवर निभायचं. वेगात टाकीत हवेची ओढ तयार व्हायची, पंप दमायचा, इंजिन उपाशी राहायचं. थांबलं की कुठूनतरी हवा झिरपायची आणि गाडी शहाणी व्हायची. आवाज पुढे होता, चोर मागे होता, आणि चोराला हात देणारा स्टिअरिंगवर बसला होता.

मग प्रश्न पडला की आता काय करायचं. गाडीचा सोपा होता, टाचणीने सुटला. पोऱ्याचा सुटेना. पहिला विचार आला तो असा: त्याला गाठावं, बाजूला घ्यावं, खांद्यावर हात ठेवावा, खिशात पाचशेची नोट सरकवावी. पण गाडी चालवता चालवताच एक गोष्ट लक्षात आली. आपण आरोप करतो तो बॅकफायरसारखा, अख्खा रस्ता दचकतो. माफी मात्र सायलेन्सर लावून मागतो. सहा जणांसमोर घेतलेली अब्रू कोपऱ्यात नेऊन कशी परत करणार? उधारी चारचौघांत आणि फेड अंधारात, हा व्यवहार नव्हे.

पोऱ्या एका पंक्चरच्या टपरीवर सापडला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, “झाकण होतं ना, साहेब?” मी मान हलवली. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला. ‘जाऊ द्या साहेब’ म्हणाला नाही. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गॅरेजात गेलो. गिऱ्हाइकं होती, ओळखीची दोघंच. मी घसा साफ केला आणि त्या दिवशीच्याच पट्टीत सांगितलं, “मिस्त्री, चूक माझी होती. भोक मी बुजवलं, आणि याने सांगितलं तेव्हा यालाही गप्प केलं.” कोणी हसलं नाही. मिस्त्रींनी बराच वेळ हात पुसले आणि पोऱ्याला म्हणाले, “दहाचा पाना आण.” तो आत गेला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

हल्ली गाडी साताऱ्यापर्यंत बिनआवाज जाते. सौभाग्यवती नाकाला पदर लावून म्हणतात, “अहो, परत पेट्रोलचा वास येतोय!”

“येऊ दे,” मी म्हणतो, आणि काच खाली करतो.