स्टँडर्ड कुणाच्या खिशातून?

‘आपण काहीही पीत नाही, आपला एक स्टँडर्ड आहे,’ असं म्हणणारा एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्याकडेही आहे. परमिट रूममध्ये स्वस्त स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली टेबलावर आली, की तो नाक मुरडतो. मला ती बिअर आवडते.

पण ती उत्तम आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्याला बिअर ‘एकदम चिल्ड’ लागते, आणि फार गार पेयाची चव जिभेला कमीच कळते. बाटली जरा कोमट झाली की गोडसर, उग्र वास वर येतो. सोबत खारे शेंगदाणे असले की मला तेही चालतं. आवडणं वेगळं, उत्तम असणं वेगळं.

मग उत्तम काय, हे ठरवता येतं का? डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट सांगितली आहे. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, छानच आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली निघाली.

म्हणजे बारकावे खरे असतात आणि ते ओळखणारी जीभही असते. आमच्या मित्राचं नाक मुरडणं ढोंगच असेल, असं नाही. पण त्या दोघांनी दोष वाइनचा सांगितला, पिणाऱ्यांची लायकी काढली नाही. आपलं बोलणं बाटलीपासून सुरू होतं आणि ‘हे काय पितोस रे!’ म्हणत माणसावर घसरतं. याची उलटी बाजूही आहे. ‘आपण बाबा साधी माणसं’ म्हणत स्वस्त बाटली मिरवणं हासुद्धा माजच.

खरा प्रश्न बिल आल्यावर पडतो. कॉन्ट्री सारखी निघते. एकाने मागवलेल्या महागड्या क्राफ्ट बिअरचे पैसे, दोन घोट स्वस्त बिअर घेणाऱ्याच्या खिशातूनही जातात. ज्याचा पगार कमी आहे किंवा सध्या नोकरीच नाही, तो टेबलावर काही बोलत नाही. पुढच्या शनिवारी ‘आज जमणार नाही’ असा मेसेज टाकतो. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच मेसेज येतो. आपण म्हणतो, हल्ली तो बदललाय.

चांगली जीभ असणं गुन्हा नाही. हवी ती बिअर मागवावी आणि ‘माझं वेगळं लाव’ असं आपणहून सांगावं. त्यात कंजूषपणाही नाही आणि उपकारही नाहीत. स्वतःच्या खर्चाने पाळला जातो, त्याला मी स्टँडर्ड म्हणेन. बाकी, ऑर्डर देताना टेबलावरचा सगळ्यात हलका खिसा कुणाचा आहे, एवढं ज्याला न विचारता कळतं, त्याची अभिरुची मला त्या चामडं आणि लोखंड ओळखणाऱ्यांच्या बरोबरीची वाटते.