साडेतीन हात जागा

नोव्हेंबर महिना जवळ आला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. आपण गवत काढतो, क्रुसांना रंग देतो, झेंडूची फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. 2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथे फिरताना एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. काही कबरी संगमरवरी आहेत. काही ठिकाणी मातीच्या उंचवट्यावर नुसता लाकडी क्रूस आहे. कडेच्या भिंतीत लहान लहान कोनाडे आहेत, ज्यांना आपण 'निश' म्हणतो. मरणापुढे सगळे सारखे, असे आपण नेहमी म्हणतो. पण मरणानंतरच्या जागा काही सारख्या नाहीत. मग ख्रिस्ती माणसाने आपल्या माणसासाठी जागा निवडावी ती कशाच्या आधारे? ऐपतीच्या, प्रतिष्ठेच्या, मायेच्या की श्रद्धेच्या?

आम्हा भावंडांपुढे हा प्रश्न आला तो आईच्या कबरीवरून. 2019 साली आई गेली. दुःखाच्या त्या घाईत कुणी वेगळे काही ठरवले नाही. साध्या कबरीत तिला मूठमाती दिली. काही वर्षांनी चर्चच्या ऑफिसातून निरोप आला : कबर उघडायची पाळी आली आहे, अस्थी निशमध्ये ठेवायच्या की सामाईक विहिरीत, ते कळवा. खरे सांगायचे तर तो निरोप आमच्या मनाला लागला. आईला कुणी घराबाहेर काढत आहे असे वाटले. आखातात नोकरी करणारा थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "पैशांचे मी बघतो. कायमची कबर मिळते का विचारा. आयुष्यभर तिने स्वतःसाठी काही घेतले नाही, आता तरी तिची स्वतःची जागा असू दे." त्यावर धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तू वर्षातून एकदा येतोस. आमच्यानंतर तिथे फूल कोण ठेवणार?" त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

भावाचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम परक्या मुलखात उपरा होता. एफ्रोन हित्ती त्याला जागा फुकट देऊ करत होता; तरी त्याने 400 शेकेल रुपे मोजून मक्पेलाची गुहा विकत घेतली. उत्पत्तीच्या 23 व्या अध्यायात हा व्यवहार सविस्तर आला आहे. आपल्या माणसाला हक्काची जागा असावी, ही ओढ इतकी जुनी आहे. पण त्याच गुहेत पुढे अब्राहाम, इसहाक, रिबेका, लेआ आणि याकोब यांनाही ठेवण्यात आले, हेही विसरू नये. ती जागा एकट्या सारेसाठी कुलूप लावून ठेवलेली नव्हती.

दुसरे उदाहरण संत मोनिकाचे. आफ्रिकेत आपल्या पतीशेजारी पुरले जावे अशी तिची फार इच्छा होती. परंतु 387 साली रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती आजारी पडली, तेव्हा तिने मुलांना सांगितले की माझ्या देहाची कुठेही सोय करा, त्याची चिंता नको. प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण तेवढी ठेवा. हे तिचा पुत्र संत ऑगस्टीन यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे बिशप झाल्यावर त्यांना नोलाच्या पॉलिनस यांनी विचारले, संतांच्या कबरीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो काय? ऑगस्टीन यांच्या उत्तराचा आशय असा : जागा आपोआप आत्म्याला मदत करत नाही. जागा जिवंतांना आठवण करून देते, ते प्रार्थना करतात, आणि उपयोग त्या प्रार्थनेचा होतो. अंत्यविधीचा थाट हा मृतांना मदत होण्यापेक्षा मागे राहिलेल्यांना दिलासा असतो. तरीही देह टाकून देण्याची वस्तू नव्हे; पवित्र आत्म्याने सत्कृत्यांसाठी तो वापरला, म्हणून त्याला सन्मानाने निरोप द्यायचा.

इथे आम्हाला एक माप सापडले. कोणती जागा आपल्याला प्रार्थनेकडे नेईल? आणि ती घेताना आपण दुसऱ्या कुणाची जागा अडवत नाही ना?

दुसरा प्रश्न टोचतो. दफनभूमीची भिंत होती तिथेच आहे, धर्मग्राम मात्र वाढला. एक कबर कायमची बंद झाली की उद्या येणाऱ्या मयतासाठी तेवढी माती कमी होते. आणि उद्या येणारा कदाचित असा असेल की ज्याच्या घरी पेटीचेही पैसे नसतील. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे. त्यासाठी राखलेली जमीन ही कुणाची मालमत्ता नव्हे, ती सर्वांची ठेव आहे.

राहिला अपमानाचा मुद्दा. वापरलेल्या कबरीत दुसऱ्याला ठेवणे कमीपणाचे आहे काय? रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिराखाली एक कबर आहे. तिथे पोप तेविसावे जॉन यांना ठेवले होते. 2001 साली त्यांचा देह वर महामंदिरात नेला आणि 2005 साली त्याच जागी पोप दुसरे जॉन पॉल यांना पुरले. 2011 साली त्यांचाही देह वर नेला गेला आणि 2023 च्या जानेवारीत तिथेच पोप सोळावे बेनेडिक्ट यांना ठेवण्यात आले. एकच कबर, तीन पोप. आणि आपल्या प्रभूला तरी स्वतःची कबर कुठे होती? अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदलेली कबर त्याने दिली आणि प्रभूने ती तिसऱ्या दिवशी रिकामी केली.

मग नावनिशाणी राहू नये काय? अवश्य राहावी. 1963 पासून ख्रिस्तसभेने दहनाला मुभा दिली आहे. मात्र रक्षा घरात ठेवू नये, विखरू नये, पवित्र स्थळी ठेवावी, असे 2016 साली स्पष्ट केले. 2023 च्या डिसेंबरमध्ये रोमने रक्षेसाठी सामाईक जागेलाही मान्यता दिली, पण प्रत्येकाच्या नावाची नोंद राहिली पाहिजे या अटीवर. जागा सामाईक चालेल, माणूस निनावी चालणार नाही. हाच न्याय अस्थींनाही लावावा, असे आम्हाला वाटते.

ज्यांच्या घराण्याची कायमची कबर आहे त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या कबरीत घरातली पुढची माणसेही जात असतील तर ती मक्पेलाच्या गुहेसारखीच आहे. रोज संध्याकाळी नवऱ्याच्या कबरीपाशी येऊन बसणाऱ्या विधवेला जागेचा हिशेब सांगणे हे तर निर्दयपणाचे होईल. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे बंद असलेल्या, कुणी न फिरकणाऱ्या कबरींचा, आणि शेजाऱ्यापेक्षा आपला दगड मोठा असावा या हौसेचा.

शेवटी आम्ही निश घेतली. थोरला भाऊ रजा काढून आला. कबर उघडली तेव्हा अस्थींबरोबर आईची जपमाळ मिळाली; धागा कुजला होता, मणी तसेच होते. फादरांनी प्रार्थना केली, पांढऱ्या कापडात अस्थी ठेवल्या. पंधरवड्याच्या आत त्याच जागी आपल्याच एका धर्मबंधूला पुरले. आम्ही सगळे त्या मर्तिकाला गेलो आणि आईच्या जागेत दुसऱ्यासाठी माती टाकली. मन जड झाले होते, पण राग उरला नव्हता. भाऊ अजूनही म्हणतो, तिला स्वतःची जागा असती तर बरे वाटले असते. आम्ही त्याच्याशी वाद घालत नाही. तिच्या वर्षाच्या मिस्साला मात्र तो न चुकता फोन करून विचारतो, "नाव वाचले ना?"

म्हणून एक विनंती. घरातली वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवर हा विषय काढा. तो अशुभ नाही. तुम्हाला कुठे ठेवू, असे त्यांना प्रेमाने विचारा आणि त्यांची इच्छा लिहून ठेवा. कबर असो, निश असो की सामाईक विहीर, वेदीपाशी त्यांचे नाव घेणारे कुणीतरी घरात उरेल एवढे बघा.

हे प्रभो, आमच्या सर्व मृत बंधुभगिनींना चिरशांती दे, आणि ज्यांची आठवण करणारे कुणी नाही त्यांना आमच्या प्रार्थनेत जागा दे. आमेन.