समोरचा विसरला, तर?

पुण्यातल्या एका गेम स्टोअरमधली रविवारची दुपार. तिसरा, निर्णायक गेम. राउंडच्या ५० मिनिटांपैकी थोडीच उरलेली. समोर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. मी एक गॉब्लिन टेबलावर ठेवला. त्याने मान डोलावली, "ओके दादा" म्हणाला आणि पुढची चाल शोधत हातातल्या पत्त्यांकडे बघू लागला.

त्या क्षणी त्याला एक पॉइंट मिळायला हवा होता. तो घ्यायचं तो विसरला. मला ते दिसलं. मी गप्प राहिलो.

थोड्या वेळाने तो बरोबर ३ पॉइंटवर आला आणि मी 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. बोल्ट तीनच पॉइंट काढतो. तो ४ वर असता तर वाचला असता, आणि पुढच्या टर्नला मी मेलो असतो, कारण माझा हात रिकामा होता. मी जिंकलो. हात मिळवले. पत्ते गोळा करता करता त्याने विचारलं, "दादा, मी नक्की कुठे चुकलो?"

मी म्हणालो, "तुला लँड कमी पडल्या रे."

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. पण तिथे पोचायला आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली आला. तो बनवणारा रिचर्ड गारफिल्ड हा गणितज्ञ. आपल्या रमी-मेंढीकोटात दोघांच्या हाती एकाच गड्डीतले पत्ते येतात. इथे प्रत्येकजण स्वतःचा डेक घरून बांधून आणतो. आजवर छापल्या गेलेल्या हजारो पत्त्यांमधून किमान ६० निवडायचे, आणि मूळ लँड सोडल्या तर एका पत्त्याच्या जास्तीत जास्त ४ प्रती. लँड म्हणजे खेळातलं इंधन. त्या कमी घातल्या तर हातात चांगले पत्ते असून खेळता येत नाहीत, जास्त घातल्या तर नुसतं इंधन साठत जातं आणि गाडीच नसते. त्यामुळे २० लँड की २२, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी तर त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. ऑफिसच्या कामासाठी कधी एवढं मन लावलं नाही.

आम्ही खेळत होतो तो प्रकार 'पॉपर', म्हणजे फक्त सर्वसाधारण, मुबलक छापलेले पत्ते वापरायचे. खिशात पैसे नसलेल्यांसाठी उत्तम. माझा लाल डेक मी इंटरनेटवरून उचललेला होता. त्याचा पांढरा डेक त्याने स्वतः, हातात होते त्या पत्त्यांतून बांधलेला होता. त्यात 'सोल वॉर्डन' नावाचा एक पत्ता होता. दुसरं कुठलंही क्रीचर टेबलावर आलं, तुमचं असो की समोरच्याचं, की वॉर्डनच्या मालकाला एक पॉइंट लाइफ मिळतं. दोघंही २० पासून सुरू करतात आणि शून्यावर हरतात, म्हणून एक पॉइंट म्हणजे किरकोळ वाटतो. स्वतःचं क्रीचर खेळताना तो पॉइंट आठवणीने घेतला जातो. समोरच्याचं क्रीचर आलं की विसरणं सोपं असतं. तेच झालं.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. समोरच्याने बेकायदा चाल केली आणि तुमच्या लक्षात आली, तर ती लगेच सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प राहिलात तर ती फसवणूक. स्वतःच्या पत्त्याचा तोटा होणार असेल आणि तो 'विसरल्याचं' नाटक केलंत तर तीही फसवणूक. पण समोरच्याच्या पत्त्याचा आपोआप घडणारा परिणाम तोच विसरला, तर त्याची आठवण करून देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. म्हणजे माझं गप्प राहणं शंभर टक्के नियमात होतं.

गंमत म्हणजे हे नेहमी असं नव्हतं. २०१२च्या सुमारास नियम बदलला. त्याआधी टेबलावरची स्थिती बरोबर ठेवणं ही दोघांची जबाबदारी मानली जायची, आणि समोरचा सक्तीचा परिणाम विसरतोय हे दिसूनही मुद्दाम गप्प राहणं म्हणजे चीटिंग होतं. तीच शांतता, तोच पत्ता, तोच मनातला हिशोब. आधी त्यासाठी स्पर्धेतून हाकलले गेला असतात, नंतर तो तुमचा हक्क झाला. नियम बदलला तेव्हा नीतीही बदलली का?

माझं उत्तर: काही अंशी, हो. जुन्या नियमात एक खरी अडचण होती. मला माझा डेक तर खेळायचाच, वर समोरच्याचाही सांभाळायचा. लक्षात ठेवणं हे कौशल्य आहे, आणि स्पर्धा कौशल्याचीच असते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, आणि कोणता पत्ता पडून गेला हे डोक्यात धरून ठेवणं हाच त्या खेळाचा जीव. तिथे समोरच्याने "अहो, मत्स्याचा राजा मघाशीच गेला" असं सांगत बसावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. क्रिकेटमध्येही अपील केलं नाही तर अंपायर स्वतःहून आउट देत नाही. हक्क तुमचा आहे, मागायचा तुम्ही. खेळायला बसताना दोघांनी हे मान्य केलेलं असतं, म्हणून खेळातली शांतता ही बाहेरच्या शांततेसारखी नसते. खोटा आव आणून, हातात काही नसताना दमदार चेहरा करून बसणंही इथे चालतं, आणि त्याला कुणी खोटारडेपणा म्हणत नाही.

इथवर मी स्वतःला पटवलं होतं. तरी ते लँडचं वाक्य पाठ सोडेना. आणि ते डोक्यात घोळवत असताना मला आठवल्या छत्र्या.

मी मूळचा जळगाव जामोदचा, बुलढाणा जिल्ह्यातला. सातपुड्याच्या पायथ्याचं, कपाशी आणि सोयाबीनवर चालणारं गाव. पत्त्यांचं वेड तिथलंच. शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं खेळायचो. अंडरटेकरचा रँक आणि बिग शोचं वजन मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बाबांचं बी-बियाण्यांचं आणि खताचं छोटं दुकान. बाबा काही संत नव्हते, पण त्यांचा एक पक्का हिशोब होता. माल आपल्याला कितीला पडला हे ते कुणाला सांगायचे नाहीत. घासाघीस करताना "यात मले काहीच उरत नाही" म्हणायचे, आणि समोरचा शेतकरीही ते ऐकून हसायचा. तो कपाशी विकायला गेला की व्यापाऱ्यासमोर हेच करणार होता. पण मोजून घेतलेल्या नोटांत एक जास्त आली तर बाबा माणसाला रस्त्यावरून हाक मारून परत बोलवायचे.

मॅजिकचे नियम वाचताना मला हसू आलं होतं, कारण तिथे हीच विभागणी आहे. हातातले पत्ते खाजगी, त्याबद्दल हवी तेवढी हूल द्या. लाइफ किती हे मात्र उघड, त्याबद्दल खोटं बोलायचं नाही. बाबांनी हे नियमपुस्तक न वाचताच पाळलं होतं.

फक्त छत्र्यांचं तेवढं वेगळं. जूनच्या तोंडावर कंपन्यांच्या योजना यायच्या. अमुक इतकी पाकिटं घेतली की एक छत्री मोफत. मृगाच्या गर्दीत ज्या शेतकऱ्याला योजना माहीत असायची तो मागायचा, त्याला मिळायची. ज्याला माहीत नसायची तो बियाणं घेऊन भिजत जायचा. उरलेल्या छत्र्या आमच्या घरी यायच्या. मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ज्यानं मांगतली त्याले देल्ली. आता न मांगणाऱ्याच्या घरी नेऊन देऊ काय?"

युक्तिवाद बिनतोड आहे. मॅजिकच्या नियमात नेमका हाच लिहिलाय.

पण आई त्या छत्र्या कधी बाजारात नेत नसे. परसात, गोठ्यापर्यंत चालायच्या. गावात जायचं तर तिची जुनी, काडी वाकलेली छत्री. का, असं विचारल्यावर तिने एवढंच म्हटलं होतं, "लोकं पाह्यतीन ना."

लहानपणी मला ती लोकलाजेची गोष्ट वाटली. आता वाटतं, आईकडे एक कसोटी होती. फायदा घेतला, ठीक. पण ज्याच्याकडून घेतला त्याच्यासमोर तो उघडता येतो का? बाबांची घासाघीस उघडता येत होती. वर्षभराने तोच शेतकरी चहा पिताना म्हणायचा, "मांगच्या साली तुम्ही मले चांगलंच कापलं," आणि दोघं हसायचे. छत्री मात्र उघडता येत नव्हती.

माझ्या टेबलावरही हीच कसोटी लावून पाहिली. मी रिकाम्या हाताने दमदार चेहरा करून जिंकलो असतो, तर सामना संपताच पत्ते उलटे करून दाखवले असते. "बघ, काहीच नव्हतं!" तोही कपाळावर हात मारून हसला असता. हूल सांगता येते, किंबहुना सांगितल्याशिवाय तिची मजा पुरी होत नाही. पण वॉर्डनचा पॉइंट मी सांगू शकलो नाही. त्याने सरळ विचारलं आणि मी लँडच्या मागे लपलो.

यावर एक हरकत येईल, ती रास्त आहे. निर्लज्ज माणूस सगळंच तोंडावर सांगेल, मग तो सुटला का? नाही. पण ही कसोटी दुसऱ्याला पकडायची नाहीच. ती स्वतःला लावायची आहे, आणि तिचा प्रश्न साधा आहे: हा फायदा टिकवायला मला पुढे आणखी एक खोटं बोलावं लागतंय का? लागत असेल तर कुठेतरी मलाच माहीत आहे की आमच्या दोघांत ठरलेल्यापेक्षा मी जास्त उचललंय. किंवा निदान मला तसं वाटतंय, आणि ते तपासायची माझी हिंमत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझा पहिला विचार अर्थातच हा होता की मशीनवर हा प्रश्नच येत नाही. मोबाइलवरच्या 'अरीना'मध्ये वॉर्डनचा पॉइंट आपोआप जमा होतो. 'हार्थस्टोन'मध्येही, ज्यात भुजच्या तीर्थ मेहताने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार असताना, कांस्य मिळवलं, तिथे काही विसरायची सोयच नाही. आम्ही इंजिनीअर लोक याला प्रगती म्हणतो आणि ती आहेही. पण तिथे मी हजारो सामने खेळलोय आणि एकदाही मला ठरवावं लागलं नाही की मी कसा माणूस आहे. तिथे फसवता येत नाही, त्यामुळे प्रामाणिक असल्याचं श्रेयही घेता येत नाही. ते काम सर्व्हर करतो. कागदी पत्त्यांच्या टेबलावर दोन माणसं आणि त्यांची आठवण, एवढंच असतं.

तीन आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा भेटला. शेजारच्या टेबलावर खेळत होता आणि हरत होता. हातात नुसत्या लँडच लँड. मॅच संपल्यावर मी म्हटलं, डेक दाखव. त्याने २० च्या २२ लँड केल्या होत्या.

"तुम्हीच म्हणाला होतात ना दादा, कमी पडतायत म्हणून."

"आणि काढलं काय?"

"दोन सोल वॉर्डन. एक-एक पॉइंटने काय होतं, असं वाटलं."

मला वाटलं होतं, माझं ते वाक्य निरुपद्रवी होतं. पण ते त्याने घरी नेलं होतं. हातात नेहमी असतात त्यापेक्षा कमी पैसे, मोजके पत्ते आणि माझ्या शब्दावरचा विश्वास, यांतून त्याने नवा डेक बांधला होता. गप्प राहून मी त्याचा एक सामना घेतला होता. खोटं बोलून मी त्याचं शिकणं घेतलं.

मग मी सांगितलं. कोणता टर्न, कोणता गॉब्लिन, तो कितीवर होता आणि किती हवा होता. तो थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिला, बोटांवर मागे मागे मोजत. मग म्हणाला, "गप्प बसलात ते नियमात बसतं, दादा. मला माहितीये तो नियम." थोडा थांबला. "लँडचं कशाला सांगितलंत पण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने डेकमधून दोन लँड बाजूला काढल्या आणि बॅगेतला पत्त्यांचा डबा उघडला.

"म्हणजे वॉर्डन परत घालू?"

"चारही घाल," मी म्हटलं.